शनिवारचा शो : ग्रुपवरची चर्चा

देशमुख वहिनी (बी-२०३): सुप्रभात. काल संध्याकाळी हॉलमध्ये मुलांसमोर जे लावलं ते कोणी ठरवलं, एवढंच विचारायचं आहे. मागच्या मीटिंगमध्ये ठरलं तेच लागणार या भरवशावर मी अथर्वला एकट्याला खाली पाठवलं. रात्रभर त्याने दिवा मालवू दिला नाही. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तर दार उघडू देईना. चौथीतला मुलगा आहे हो.

शिंदे, सचिव (सी-४०१): वहिनी, नोंद घेतली. निखिल, काल नक्की काय झालं?

निखिल (बी-५०४): पेन ड्राइव्ह उघडत नव्हता. पोरं कलकलाट करायला लागली म्हणून चॅनेलवर जे चालू होतं ते लावलं. खऱ्या गुन्ह्यांवरची मालिका होती. पेन ड्राइव्ह चालू झाल्यावर लगेच बदललं.

देशमुख वहिनी: तेवढ्या वेळात एका बाईला तिच्याच घरात मारताना दाखवून झालं होतं. वर खाली लिहून येत होतं की ही सत्य घटना आहे.

साळवी (ए-३०१): प्रोजेक्टरची पावती अजून ग्रुपवर आलेली नाही. कृपया टाकावी.

गोखले काका (ए-१०२): देशमुख वहिनींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मी पहिल्यापासून सांगत होतो की रहस्यकथाच दाखवायच्या असतील तर दूरदर्शनच्या काळातल्या दाखवा. १९९३ साली बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' आली. किंकाळ्या नाहीत, रक्त नाही, कॅमेरा गरगर फिरत नाही. धोतर नेसलेला एक शांत माणूस समोरच्याचं बोलणं नीट ऐकून घेतो. त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, त्याला जे ऐकू येतं तेच आपल्याला. शेवटी तो उलगडा करतो तेव्हा आपण म्हणतो, अरे, हे तर माझ्याही समोर होतं! रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना त्याचा मित्र अजित. हा अजित आपल्या वतीने चुकतो, म्हणून प्रेक्षकाला कधी ओशाळल्यासारखं होत नाही. मुलांना बघायला नाही, विचार करायला शिकवा.

निखिल: काका, रिस्पेक्ट आहे. पण आजकालच्या पोरांना ते फार स्लो वाटेल. 'सीआयडी' लावू. सगळ्यांना माहीत आहे, कोणी घाबरत नाही.

कदम काका (बी-१०१): हॉलची कडी गेले दोन आठवडे अडकते आहे. सीआयडी लावणार असाल तर आधी दयालाच बोलवा.

कुलकर्णी काकू (ए-२०४): 😂😂

शिंदे, सचिव: कडीचं काम सुताराला सांगितलं आहे. विषयावर राहू या.

साळवी: सुताराला सांगितलं, ठीक. प्रोजेक्टरची पावती?

गोखले काका: सीआयडीत मुलं काय शिकणार? दार तोडायचं, थोबाडीत मारायची, गुन्हा कबूल. संपला भाग.

निखिल: काका, असं एका वाक्यात निकालात काढू नका ना. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, २०१८ मध्ये थांबली तेव्हा १५४७ भाग झाले होते. ७ नोव्हेंबर २००४ ला त्यांनी १११ मिनिटांचा भाग एका शॉटमध्ये केला होता. एकही कट नाही. नट, कॅमेरा, लाइट, सगळ्यांनी एवढा वेळ एका दमात काम करायचं, कोणी एक शब्द विसरला की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे टीव्हीवर एवढं धाडस कोणी केलं आहे? आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये परत आली ती लोकांना हवी होती म्हणूनच ना.

कुलकर्णी काकू: फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेले, तेव्हा आमची धाकटी जेवली नव्हती. घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं आम्हाला. इतकी वर्षं रोज जेवताना समोर असायचे ते.

गोखले काका: फडणीसांबद्दल मलाही वाईट वाटलं. माणसांबद्दल मी बोलत नाही. शिवाजी साटम हे मोठे नट आहेत, आणि मी त्यांना एसीपी प्रद्युम्न व्हायच्या आधीपासून बघतो आहे. मुंबई दूरदर्शनवर सीआयडी काढणाऱ्या बी. पी. सिंग यांचीच 'एक शून्य शून्य' लागायची, मराठीत, त्यात साटम होते. तरुण मंडळींना वाटतं की सगळं १९९८ ला सुरू झालं.

निखिल: असं मी कुठे म्हटलं?

कदम काका: आता माझंही ऐका. बत्तीस वर्षं खात्यात काढली आहेत. सीआयडी मी आवडीने बघतो, नातवाबरोबर बघतो. पण मुलांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते, की गुन्हेगाराच्या कानाखाली वाजवली, तो बोलला, केस संपली. तसं नसतं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्ट पुरावा म्हणून धरतच नाही. जागेचा पंचनामा, पंचांच्या सह्या, मुद्देमाल सीलबंद करणं, साक्षीदारांचे जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल, कलिनाच्या प्रयोगशाळेचा अहवाल, यावर केस उभी राहते. एका पंचाची सही चुकली तरी वकील सगळा पंचनामा फाडतो. आणि साळुंखे डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात तो अहवाल यायला आम्ही किती वाट बघायचो ते मला विचारा.

निखिल: कदम काका, याच्यावर एक वेगळा शो व्हायला पाहिजे. सिरीयसली.

कुलकर्णी काकू: तुम्हाला मग पोलिसांची कोणती मालिका खरी वाटली, भाऊजी?

कदम काका: रमेश भाटकरांची 'हॅलो इन्स्पेक्टर'. भाटकर वर्दीत शोभायचे. उभं राहणं, बोलणं, साक्षीदाराशी आब राखून वागणं. चौकीत आम्ही सगळे त्यांचे चाहते होतो. त्यांच्यासारखं बोलायला जाऊन एका नव्या पोराने साहेबांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

साळवी: सर्वांना नम्र विनंती. प्रोजेक्टर सोसायटीच्या पैशातून घेतला आहे. पावती टाकावी. तिसऱ्यांदा लिहितो आहे. 🙏

शिंदे, सचिव: साळवी साहेब, पावती फाइलमध्ये आहे. ऑफिसमध्ये केव्हाही येऊन पाहू शकता.

साळवी: ऑफिस मी घरी पोचायच्या आधी बंद होतं. म्हणून ग्रुपवर मागतो आहे.

जाधव मावशी (सी-२०२): मी सहसा लिहीत नाही. पण काल देशमुखांच्या मुलाचं कळलं आणि राहवलं नाही. माझं माहेर वाईजवळचं. २०१६ मध्ये तिथलं ते खुनांचं प्रकरण उघडकीला आलं, ते तुम्ही सगळ्यांनी पेपरात वाचलं. आम्ही तिथल्या एसटी स्टँडवर ऐकलं. पुढे २०२० मध्ये 'देवमाणूस' सुरू झाली, तिची गोष्ट त्यावरूनच घेतल्याचं सगळीकडे छापून येत होतं. किरण गायकवाडचं काम उत्तम होतं, नाही म्हणत नाही. पण गावोगाव लोक त्याच्या डायलॉगवर हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि इकडे ज्यांच्या घरातली माणसं गेली ते त्याच पंचक्रोशीत राहत होते. त्यांच्या घरीही टीव्ही आहे. मी दोन भाग बघितले आणि बंद केली. रचलेल्या गोष्टीतला खून हे कोडं असतं. खरा खून कोडं नसतो, त्याच्या मागे कोणाचं तरी घर असतं. मुलांना दाखवायचं ते रचलेलं दाखवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

देशमुख वहिनी: मावशी, मला सकाळपासून हेच लिहायचं होतं, नीट लिहिता येत नव्हतं. अथर्व सारखं एकच विचारतो आहे, ती बाई खरंच मेली का. गोष्टीतली असती तर मी त्याला नाही म्हणून सांगितलं असतं.

कदम काका: मावशींच्या शब्दाला माझा पाठिंबा. घटनास्थळी गेलेला माणूस असं कधी रंगवून सांगत नाही.

कुलकर्णी काकू: पटलं. पण मोठ्यांसाठी तरी काहीतरी ठेवा. 'रुद्रम' लावा ना एखाद्या रविवारी. २०१७ ला झी युवावर होती. मुक्ता बर्वेने जी रागिणी केली तिला तोड नाही. नवरा आणि मूल गेलेली बाई, ती सूड घ्यायला निघते, आणि प्रत्येक पावलाला तिची काय अवस्था होते ते चेहऱ्यावर दिसतं. गिरीश जोशींचं लेखन. आणि गोष्ट संपली तिथे मालिका संपवली, उगाच सासू आणली नाही की स्मृतिभ्रंश आणला नाही.

निखिल: +१. ती मीही एका आठवड्यात संपवली होती.

गोखले काका: मोठ्यांचं मोठे बघतील. मुलांच्या शनिवारचा निर्णय आधी करा. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बी विंगमधले काही जण हॉलची चावी स्वतःकडे ठेवतात आणि काय लावायचं तेही स्वतःच ठरवतात. हे योग्य नाही.

निखिल: काका, चावी माझ्याकडे आहे कारण दर शनिवारी खुर्च्या मी लावतो. ए विंगमधून कोण येतं लावायला?

गोखले काका: माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे हे ग्रुपला माहीत आहे. मी यापुढे या विषयावर बोलणार नाही.

शिंदे, सचिव: काका, कोणी तुम्हाला उद्देशून बोललेलं नाही. निखिल मनापासून करतो, तुम्हीही मनापासून सांगता. 🙏

बॅनर्जी वहिनी (सी-१०१): नमस्कार. माझी मराठी चुकली तर सांभाळून घ्या. गोखले काकांनी ब्योमकेश म्हटलं म्हणून लिहिते. आम्ही बंगाली लोक ब्योमकेशला आपला समजतो, पण तो तुमचाही आहे. लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजचं काम करायला मुंबईला आले. सिनेमाच्या कामात ब्योमकेश कित्येक वर्षं बंद होता. मग १९५२ मध्ये ते पुण्याला राहायला गेले आणि नंतरच्या पुष्कळ कथा तिथे लिहिल्या. शिवाजी महाराजांच्या काळातला सदाशिव नावाचा मुलगा घेऊन त्यांनी बंगालीत मुलांसाठी गोष्टीपण लिहिल्या. मी लहानपणी शिवाजी महाराज शाळेच्या पुस्तकातून नाही, सदाशिवकडून शिकले.

गोखले काका: वा! वहिनी, हे मला माहीत नव्हतं. पुण्यात राहून ब्योमकेश लिहिला! आणि बघा, मालिकेत ब्योमकेशच्या बायकोचं, सत्यवतीचं काम आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केलं. योग म्हणतात तो हा.

निखिल: काका, तुम्ही बोलणार नव्हता 🙂

गोखले काका: वहिनींशी बोलतो आहे.

देशमुख वहिनी: पण ब्योमकेशमध्येही खून असतातच ना? मला पुन्हा तशी रात्र नको आहे.

गोखले काका: म्हणूनच माझा प्रस्ताव नीट वाचा. पहिला भाग 'सत्यान्वेषी' लावू नका, त्यात मेसमध्ये माणसं मरतात. 'सीमंत हीरा' लावा. त्यात एकही खून नाही. एका घराण्याचा मौल्यवान हिरा काकाने लांबवला आहे. हा काका स्वतः शिल्पकार, हुशार आणि गर्विष्ठ. तो ब्योमकेशला तोंडावर सांगतो की हिरा याच घरात आहे, शोधून दाखव. घर उघडं, माणूस समोर बसलेला, हिरा कुठे तेवढं सांगायचं. मध्येच थांबवून मुलांना विचारा, तुम्ही कुठे शोधाल? प्रत्येक मूल काहीतरी सांगेल. घाबरायला वेळच मिळणार नाही.

परब (ए-४०३): हा मेसेज हटवला आहे.

बॅनर्जी वहिनी: अय्यो! का सांगितलं??

निखिल: परब काका, हिरा कुठे आहे तेच लिहिलंत! मी वाचलं!

कुलकर्णी काकू: मीपण वाचलं. आता बघण्यात काय राहिलं?

गोखले काका: परब, या प्रकाराचा मी तीव्र निषेध करतो.

कदम काका: हटवलेला मेसेज हाही पुरावाच असतो. पंच दोन, निखिल आणि कुलकर्णी वहिनी.

परब (ए-४०३): मुलांच्या ग्रुपवर टाकलेलं नाही. एवढा गहजब कशाला.

देशमुख वहिनी: अथर्व माझ्याच फोनवर खेळतो आहे. नशीब त्याने पाहिलं नाही. हिऱ्याची गोष्ट चालेल, माझी हरकत नाही. मी स्वतः खाली येऊन बसेन.

शिंदे, सचिव: तर असं ठरवू. येत्या शनिवारी साडेसहा वाजता मुलांसाठी 'सीमंत हीरा'. चॅनेल लावायचं नाही, पेन ड्राइव्ह चालला नाही तर शो रद्द. निखिल आदल्या दिवशी तपासून ठेवेल. खऱ्या गुन्ह्यांवरचं काहीही मुलांच्या शोमध्ये नको, यावर कोणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगावी. रविवारी रात्री नऊला मोठ्यांसाठी 'रुद्रम'.

जाधव मावशी: हरकत नाही.

कुलकर्णी काकू: रविवारी नऊला पाणी येतं. साडेनऊ करा.

निखिल: शनिवारी सीआयडीचा एक भागही जोडू या का? मारामारीचा नको, तो एका शॉटचा. पोरांना सांगता येईल की हे कसं शूट केलं.

गोखले काका: जवळजवळ दोन तास आहे तो. वेगळ्या दिवशी लावा. मी येईन बघायला.

कदम काका: शनिवारी सुरू व्हायच्या आधी मी मुलांशी थोडं बोलू का? पंचनामा म्हणजे काय, पोलीस वस्तू कशा जपतात, चोर सापडल्यावर पुढे काय होतं. घाबरवणार नाही. मनात येईल ते विचारू दे त्यांना, अथर्वलाही.

देशमुख वहिनी: नक्की या. त्याला पुढच्या रांगेत बसवते.

शिंदे, सचिव: उत्तम. साळवी साहेब, पावतीचा फोटो टाकतो आहे.

साळवी: मिळाली. धन्यवाद. केबल आणि स्टँड वेगळे लावले आहेत, ते मीटिंगमध्ये मंजूर झालेल्या रकमेत नव्हते. याचा खुलासा व्हावा.