अनुभव धागा: सलग ४ पराभव, तरी कप – मुंबई इंडियन्स, २०१५

२०१५च्या आयपीएलमध्ये मुंबईने पहिल्या चारही मॅच घालवल्या. सहा मॅचनंतर विजय एकच होता. तरी २४ मे रोजी ईडन गार्डन्सवर कप त्यांनीच उचलला. 'मनोबल', 'जिद्द' हे सगळं ऐकून झालंय, इथे ते नको. टीम बसवणारे, पाटा (खेळपट्टी) तयार करणारे, बॉलरवर मेहनत घेणारे, स्कोअर लिहिणारे अशांनी आपापल्या कामाच्या नजरेने सांगावं: काय बदललं, ते काम कसं करतात आणि कुठे फसतं.

टीमचे तक्ते मांडणारा

आधी परदेशी चौघं बघा. सुरुवातीला फिंच, कोरी अँडरसन, पोलार्ड, मलिंगा. फिंचचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला, पाठोपाठ अँडरसनचं बोट. फिंचच्या जागी लेंडल सिमन्स हा सोपा बदल, ओपनर गेला आणि ओपनर आला. पेच अँडरसनचा होता. तो मधल्या फळीत बॅटिंग करतो आणि ओव्हरही टाकतो. त्याच्या जागी मिचेल मॅकलेनहन घेतला की चार पक्क्या ओव्हर मिळतात, पण एक बॅट कमी होते. ती बॅट भारतीयच हवी, कारण परदेशी चारच खेळवता येतात. तिथे १० लाखांत घेतलेला हार्दिक पंड्या बसला. १९ एप्रिलला बंगळुरूत हा साचा पहिल्यांदा उतरला आणि पहिला विजयही तिथेच मिळाला.

तक्ता असा करतात: अकरा नावं एकाखाली एक, पुढे चार रकाने. नवा बॉल, मधल्या ओव्हर, शेवटच्या चार, बॅटिंगचा नंबर. एका बॉलरला चारच ओव्हर, म्हणजे २० भरायला पाच जण पुरतात असं कागदावर दिसतं. पण बेरीज २०वरच थांबत असेल तर टीम कच्ची समजा. ती २३-२४पर्यंत जायला हवी, कारण कुणा एकाला पहिल्याच ओव्हरमध्ये १८ पडणारच आहेत. चूक बहुतेक वेळा इथे होते: जखमी माणसाच्या नावापुढे नवं नाव लिहून मोकळे होतात, त्याचे रिकामे झालेले रकाने कुणी मोजत नाही.

पाटा करणारा माळी

वानखेडेचा पाटा लाल मातीचा. लाल माती पाणी लवकर सोडते, बॉल उसळतो आणि बॅटवर येतो. काळी माती ओल धरून ठेवते, बॉल थांबून येतो. रोलर कधी फिरवायचा यातच सगळी मेख आहे. फार ओली असताना फिरवला तर माती रोलरला चिकटून वर येते आणि पृष्ठभागाला खड्डे पडतात. सुकल्यावर फिरवला तर ती दाबलीच जात नाही, मग मॅचच्या दिवशी टप्प्यावर भुगा सुटतो. अंगठ्याने दाबून ठसा उमटतो पण बोटाला चिखल लागत नाही, तेवढ्यातच काय ते रोलिंग. आधी हलका रोलर, मग जड. ओल खोलवर किती आहे ते चावी रोवून कळतं. वरून कोरडी, खाली मऊ असेल तर संध्याकाळी बॉल दोन वेगांनी येणार हे नक्की.

दुसरी गोष्ट टीव्हीवर कुणी सांगत नाही. एका पाट्याची रुंदी १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. मधला पाटा सोडून दोन पाटे बाजूला सरकलात की एका बाजूची बाउंड्री सहा मीटरने जवळ येते आणि दुसरी तेवढीच लांब जाते. हंगामात एकाच ग्राउंडवर सात-आठ मॅच असतात, त्यामुळे पाटे बदलावेच लागतात. कॅप्टनने टॉसच्या आधी सकाळी येऊन विचारायचं ते हे: 'आज कुठला पाटा?' डावखुऱ्या स्पिनरला कोणत्या टोकाकडून आणायचं ते त्यावर ठरतं.

बॉलिंग कोच, एका राज्य संघाचा

दव. समुद्राकाठच्या ग्राउंडवर रात्री दुसऱ्या डावात बॉल साबणासारखा होतो. आउटफिल्डला आदल्या दिवसापासून पाणी बंद करतात, गवत आखूड ठेवतात, दव धरू नये म्हणून औषध फवारतात, डावाच्या मध्ये दोरी ओढतात. हे सगळं करूनही दहा-बारा ओव्हरनंतर फरक पडतोच. २०२५पासून रात्रीच्या मॅचला दुसऱ्या डावात १० ओव्हरनंतर बॉल बदलून मागता येतो. २०१५ला ती सोय नव्हती.

सराव असा: बादलीत पाणी, त्यात सहा जुने पांढरे बॉल. बुडवून काढायचा, टॉवेलने एकदाच पुसायचा, टाकायचा. दोनदा पुसायचा नाही, कारण मॅचमध्ये तेवढा वेळ मिळत नाही. पहिल्या दहांत यॉर्करचे (बॅट्समनच्या पायाशी पडणारा बॉल) निम्मे फुलटॉस (टप्पाच न पडणारे) होतात. बॉल बोटांतून लवकर सुटतो हे त्याचं कारण, म्हणून पकड आणखी आवळू नका. आवळली की मनगट अडकतं. दोन बोटं शिवणीच्या जवळ आणा आणि टप्पा बॅट्समनच्या बुटाऐवजी त्याच्या अर्धा फूट पुढे धरा. स्लोअर बॉलमध्ये बोटांतून फिरवायचा प्रकार दवात विसरा, लेग-कटरही. तळहातात खोल धरून टाकलेला चालतो. मलिंगाचा हात खालून, आडवा येतो. त्याची नक्कल करणारी पोरं दर वर्षी येतात आणि पाठ धरून परत जातात.

स्कोअरर

त्या हंगामाच्या गुणतक्त्यातली गंमत अनेकांना अजून ठाऊक नाही. मुंबई, बंगळुरू, राजस्थान तिघांचे गुण १६. रनरेट (ओव्हरमागे काढलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक) बंगळुरूचा +१.०३७, राजस्थानचा +०.०६२, मुंबईचा −०.०४३. तरी मुंबई दुसरी! कारण बरोबरी झाली की आधी विजय मोजतात, रनरेट नंतर. मुंबईचे विजय ८. बाकी दोघांचे ७-७, आणि पावसाने वाहून गेलेल्या दोन-दोन मॅचचे गुण वेगळे. दुसऱ्या नंबरमुळे क्वालिफायर-१ (पहिल्या दोन टीमची मॅच, जिंकणारी थेट फायनलला) मिळाली, म्हणजे हरलात तरी आणखी एक संधी. ती मॅच होती वानखेडेवर. चेन्नईला २५ धावांनी हरवलं.

रनरेट घसरला कुठे? १० मेला डिव्हिलियर्सने नाबाद १३३ केले, बंगळुरू १ बाद २३५, मुंबई ३९ने हरली. ३९ भागिले २० म्हणजे १.९५. चौदा मॅचवर पसरली तर एकटी ही मॅच सुमारे ०.१४ने खाली ओढते. हिशेब करताना नवखे एक घोळ हमखास करतात: टीम १७ ओव्हरमध्ये सर्वबाद झाली की १७ने भागतात. भागायचं पूर्ण २०नेच. आणि १३.५ ओव्हर म्हणजे साडेतेरा नव्हेत, १३ पूर्णांक पाच षष्ठांश, कॅल्क्युलेटरवर १३.८३३.

फिजिओ

थोडक्यात. ८ एप्रिल ते २४ मे, म्हणजे सात आठवडेही नाहीत. हॅमस्ट्रिंगचा तंतू नुसता ताणला तर दोन-तीन आठवडे, अर्धवट फाटला तर चार ते आठ. म्हणजे दुसऱ्या प्रकारात वाट बघत बसण्यात अर्थ नसतो, बदली लगेच ठरवावी. दुखणं थांबलं म्हणून माणूस बरा झाला असं नाही. पूर्ण वेगाने पळून झटक्यात थांबता आलं पाहिजे, तेही लागोपाठ दोन दिवस. पहिल्या दिवशी सगळेच पास होतात.

पुन्हा तक्तेवाला, वर एकाने विचारलं म्हणून

सहावा बॉलर कशाला, याचं उत्तर १४ मेची कोलकात्याविरुद्धची मॅच. शेवटच्या ओव्हरमध्ये कोलकात्याला १२ हव्या होत्या, बॉल पोलार्डच्या हातात. पहिल्याच बॉलला युसुफ पठाण गेला आणि मुंबई पाच धावांनी जिंकली. ती हरली असती तर विजय सातच राहिले असते आणि गुण १४. मग रनरेटपर्यंत जायचीही गरज नाही, १६ गुणांचे बंगळुरू आणि राजस्थान दोघंही मुंबईच्या पुढे गेले असते.