माळ्यावर सापडलं वाघा बॉर्डरचं रीळ, कसं वाचवू?

कृष्णाकाठ: मंडळी, सांगलीच्या घराचा माळा आवरताना आप्पांची सुपर ८ ची, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या छोट्या फिल्मची, रिळं सापडली, एका डबीवर त्यांच्या अक्षरात 'वाघा १९७९'. जुन्या प्रोजेक्टरवर लावलं, जेमतेम तीन मिनिटं, आवाज नाही, पण दोन्हीकडचे झेंडे एकाच वेळी हळूहळू उतरतायत, गेट बंद होतंय, आणि आई तिकडं बघतच नाहीये, पदर डोक्यावर घेऊन सरळ आप्पांच्या कॅमेऱ्याकडं बघून हसतीय. दोघंही आता नाहीत. लई रडलो. रीळ वाकडं झालंय, आंबूस वास येतोय, काय करू?

मिरजकर: दादा, आधी प्रोजेक्टरवर लावणं बंद करा, आक्रसलेली फिल्म तुटते. तो वास ॲसिटिक ॲसिडचा, ॲसिटेटची (एका प्रकारच्या प्लास्टिकची) फिल्म खराब व्हायला लागली की येतो, आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही, थंड कोरड्या जागी फक्त हळू होतं. बाकीच्या रिळांपासून लांब ठेवा, एकेक फ्रेम स्कॅन करणाऱ्याकडं लवकर द्या.

सातारकरीण: वाचून गलबलून आलं. माझे बाबा फौजेत होते, लहानपणी त्यांच्यासोबत अटारीला, म्हणजे वाघा बॉर्डरच्या आपल्या बाजूला, गेलेलो. १९५९ पासून चालत आलेली ती परेड, बुटांचा आवाज अजून कानात आहे. आमच्याकडं मात्र एक फोटोसुद्धा नाही. दादा, स्कॅन झालं की दाखवाल का?

कृष्णाकाठ: नक्की ताई. रीळ वेगळं काढून ठेवलंय, सोमवारीच पुण्याला घेऊन जातोय.