उत्तर: उत्तर: गॅरेजची फरशी (आणि ढोल कोण नेतंय?)

कँटनहून (मिशिगन), सोमवार रात्री
मंडळी, शनिवारी गॅरेज रिकामं करायचंय. मखराच्या पेट्या आणि चौदा ढोल अजून माझ्याकडेच आहेत, गुरुवारपर्यंत कुणीतरी न्या. गेल्या वर्षी काँक्रीटच्या फरशीवर लावलेल्या इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायचा कडक रंग) गाडीच्या चारही चाकांखाली पोपडे निघालेत. पुन्हा दुकानातलाच किट आणू की पॉलीॲस्पार्टिकवाल्याला (तसाच, पण झटपट वाळणारा थर) बोलवू? थंडीच्या आत उरकायचंय.

फार्मिंग्टन हिल्सहून
ढोल आमच्याकडे नकोत. बेसमेंटला ओल आहे, मागच्या खेपेला पानं सैल पडली होती. आणि मखराच्या पेट्या सजावट समितीला विचारल्याशिवाय कुणी उघडू नका. खांबांवर नंबर घातलेत, क्रम बिघडला की आम्हालाच निस्तरावं लागतं.

नोव्हायहून
अरे, किट कुठला हे नंतर बघू. आधी एक पोपडा उलटा करून बघ. मागे सिमेंटची पूड चिकटली असेल तर काँक्रीटचा वरचा थरच कच्चा होता. मागची बाजू गुळगुळीत, स्वच्छ असेल तर रंगाने फरशी धरलीच नाही. पांढरी भुकटी असेल तर खालून ओल येते आहे. पेंट शॉपमध्ये आयुष्य गेलं माझं. रंगाला नावं ठेवतात, पण दोष बहुतेक वेळा खालच्या तयारीत असतो.
प्रवासानंतर टायर तापलेले असतात. त्या उष्णतेने थर मऊ होतो आणि टायर गार होताना आकसतो, तेव्हा तो सैल थर उचलून घेतो. म्हणून पोपडे नेमके चाकांखाली.

कँटनहून
काका, किटमधल्या ॲसिडने धुतलं होतं की. दोनदा.

नोव्हायहून
घोटून गुळगुळीत केलेल्या काँक्रीटला ते पुरेसं चावत नाही. हात फिरवल्यावर बारीक पॉलिश पेपरसारखी खरखर लागायला हवी. हिऱ्याच्या चकतीचं ग्राइंडर भाड्याने मिळतं, ते आण. धुळीसाठी व्हॅक्यूम जोड आणि मास्क लाव.
आज रात्रीच १८ इंच चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटव. १६ तासांनी उचल. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर कुठलाही महागडा थर लावू नकोस. एकाच जागी नको, तीन-चार ठिकाणी लाव.

ट्रॉयहून
आम्ही पॉलीॲस्पार्टिक करून घेतलं. एका दिवसात काम झालं, दुसऱ्या दिवशी गाडी आत. दोन हिवाळे रस्त्यावरचं मीठ सांडतंय, एक टवका उडालेला नाही. फक्त बर्फ वितळला की घसरायला होतं. वरच्या थरात खरखरीत दाणे घालायला सांगा, माझी सासू पडता पडता वाचली.

फार्मिंग्टन हिल्सहून
माझ्या माहेरी वाईला लाल कोबा होता, आजी रोज पुसायची. चाळीस वर्षांत कधी पोपडा बघितला नाही.

नोव्हायहून
वहिनी, कोबा वरून फासलेला नसतो, ती जमीनच असते. म्हणून उखडत नाही.
ट्रॉयचं टिकलं कारण त्या लोकांनी आधी मशीनने घासलं होतं. पॉलीॲस्पार्टिक उन्हाने पिवळं पडत नाही आणि थंडीतही वाळतं, हे खरं. पण ते इतक्या लवकर घट्ट होतं की नवशिक्याच्या हातात रोलरच अडकतो. घरी करणाऱ्याला इपॉक्सी बरा, वेळ मिळतो. मात्र फरशी ५५ फॅरनहाइटच्या खाली गेली की तो नीट वाळत नाही. हवेचं नाही, फरशीचं तापमान मोज. ऑक्टोबरच्या मध्यानंतर आपल्याकडे रात्री ते सांभाळणं कठीण.

कँटनहून, बुधवार
प्लास्टिक उचललं. दाराजवळ कोरडं. मागच्या डाव्या कोपऱ्यात काळा डाग आणि थेंब, तिथल्या पोपड्यांच्या मागे पांढरी भुकटी. पुढच्यांची पाठ अगदी गुळगुळीत. काका, दोन्ही दोष आहेत! त्या कोपऱ्याबाहेरच पन्हळीचा पाइप भिंतीलगत सुटतो. या शनिवारी तो लांब नेऊन उतार काढतो. फरशी मे महिन्यात, प्लास्टिक पुन्हा लावून बघितल्यावरच. ग्राइंडर कोण चालवायला येईल?
ढोल राहू देत, पण ते मागच्या कोपऱ्यातच आहेत. लाकडी पॅलेट कुणाकडे आहेत?

ट्रॉयहून
माझ्याकडे तीन आहेत. उद्या ऑफिसहून येताना टाकतो.

फार्मिंग्टन हिल्सहून
पॅलेटवर आधी मखराच्या पेट्या. त्या पुठ्ठ्याच्या आहेत.