घरातली अडगळ आणि किरकोळ दुरुस्त्या : नाशिककरांनो, अनुभव लिहा

गळका नळ, फुगलेलं दार, माळ्यावरची खोकी. दहा मिनिटांच्या कामाला कारागीर यायला तयार नसतो आणि स्वतः हात घातला की भलतंच बिघडतं. नेमकं काय बिघडतं, कशामुळे, ते लिहा. "प्लंबरला बोलवा" एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या.

पंचवटी
पावसाळ्यात दार अडकलं की लगेच रंधा मारू नका. तेच दार डिसेंबरच्या कोरड्या थंडीत आखडतं आणि फटीतून वारा येतो. आधी दार मुठीला धरून वर उचलून बघा. हललं तर लाकूड फुगलेलं नाही, बिजागरीचे स्क्रू सैल झालेत. स्क्रू काढायचा, बिनगुलाच्या दोन-तीन काड्यांना फेव्हिकॉल लावून भोकात ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायचं, बाहेर आलेल्या काड्या कापायच्या आणि तोच स्क्रू परत आवळायचा. खरंच फुगलं असेल तर चौकटीला खडू घासून दार लावा. दारावर पांढरं उमटेल तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासा आणि वरून मेणबत्ती फिरवा. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला सहसा कोणी रंग लावत नाही, ओल तिथूनच शिरते. उन्हाळ्यात दार उतरवून त्या दोन कडा रंगवल्या तर पुढचा पावसाळा बराच सुसह्य जातो.

सिडको
नळाचं सांगतो. नळ चार-पाच फेरे फिरत असेल तर आत रबरी वायसर असतो, चौथाई फेऱ्यात बंद होत असेल तर सिरॅमिक चकत्यांचा स्पिंडल (मुठीखाली फिरणारा दांडा). पहिल्यात वायसर बदला. मुख्य कॉक बंद, नळ उघडून पाणी काढून टाका, मुठीखालचा स्क्रू, मग पान्याने स्पिंडल. नवा वायसर आठ दिवसांत पुन्हा गळला तर दोष वायसरचा नाही. वायसर टेकतो ती आतली पितळी बैठक खरवडलेली असते आणि तीच रबर कापते. गळतो म्हणून मूठ आणखी जोरात आवळणं ही सगळ्यात मोठी चूक.

सिरॅमिकवाल्यात अख्खा स्पिंडलच बदलावा लागतो. मूठ बसते त्या टोकाचे दाते आणि लांबी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून जुना स्पिंडल खिशात घालूनच रविवार कारंज्याकडे निघा. "अर्ध्या इंचाचा द्या" म्हणून आणलेला निम्म्या वेळा बसत नाही.

इंदिरानगर
वरच्याला जोड. अख्खा नळ बदलत असाल तर आट्यांवर गुंडाळायच्या टेफ्लॉन टेपची दिशा बघा. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे. उलट गुंडाळला तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येतो. नळ सरळ यावा म्हणून शेवटी पाव फेरा मागे घेऊ नका, तिथेच पाझर सुरू होतो. काढून पुन्हा गुंडाळा. भिंतीतला एल्बो (नळ बसतो तो कोपऱ्याचा जोड) नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यांचा असेल तर पान्याचा जोर बेताने. तो चिरला तर टाइल फोडावी लागते.

बोअरच्या पाण्याने शॉवरची भोकं बुजतात. पिशवीत व्हिनेगर भरून शॉवरला रात्रभर बांधा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. टाचणी नको, भोकं मोठी होऊन धार तिरकी जाते.

सातपूर
मिक्सरचा कपलर (भांडं ज्यावर बसतं ती मोटरवरची दातेरी चकती) सुटत नाही म्हणून लोक तो फोडतात. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवला की सुटतो. खालून मोटरचा दांडा स्क्रू-ड्रायव्हरने अडवून धरा. प्लग आधी काढलेला हवा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

फ्लशची टाकी गळते का, तर टाकीत चिमूटभर हळद टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात पिवळं उतरलं तर तळाचा वायसर गेलाय किंवा टाकी भरून ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी जातंय. दुसरं असेल तर फ्लोट खाली घ्या, पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबलं पाहिजे.

गंगापूर रोड
अडगळीबद्दल कोणीच लिहीना! "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेल्या वस्तूंत रबर सगळ्यात आधी बाद होतं. कुकरची जादा रिंग डब्यात पडल्या पडल्या कडक होते, एकच ठेवा. उघडलेलं एम-सील तसंच. टेफ्लॉन आणि स्क्रू मात्र वर्षानुवर्षं टिकतात. बेवारस ॲडॅप्टर टाकण्याआधी त्यावरचे आकडे वाचा: व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, पिनेचं धन-ऋण जुळलं पाहिजे. जे कशाचे ते कळलं त्यांवर पांढरी पट्टी चिकटवून "राउटर", "ट्रिमर" असं लिहा. जुने सीएफएल फोडून सुक्या कचऱ्यात घालू नका, आत पारा असतो. घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळे द्या, सांगून.

पंचवटी
आणि बिजागरीचे काढलेले स्क्रू वाटीत ठेवा, फरशीवर नको. एक तरी घरंगळतोच, आणि जुन्या मापाचा मिळता मिळत नाही.