हाडांतलं कॅल्शियम

ताऱ्यांकडे पाहिलं की माणूस किती क्षुल्लक ते कळतं, अशी चर्चा चालली असताना त्यात गिधाडांचा विषय कशाला, असं एकांनी विचारलंय. मला दोन्ही विषय एकच वाटतात. दाढीवालं गिधाड बघा, त्याचा मुख्य आहारच हाडं. मोठं हाड पायांत धरून उंच नेतं, खडकावर टाकून फोडतं आणि अणकुचीदार तुकडे सरळ गिळतं. पोटातलं जहाल आम्ल ते विरघळवतं. त्या हाडांतलं कॅल्शियम सूर्य जन्मायच्या आधी, कुठल्या तरी ताऱ्यांच्या स्फोटांत घडलेलं. आपल्या हाडांतलंही तिथलंच. कसली विलक्षण सोयरीक आहे ही!

पण क्षुल्लक म्हणून आपली जबाबदारी टळत नाही. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली ती २००६ मध्ये. फार उशिरा. त्याऐवजी देता येणारं मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे, गुरं पाळणारं कुणी ओळखीचं असेल तर एवढं जरूर सांगा.