एमबीएच्या मुलींना वाटाघाटीचा वेगळा पेपर? आधी समोरच्याला बसवा परीक्षेला

बिडाची भट्टी
परवा 'वर्ग क्रमांक सात' सरांनी इथं लिहिलं की बीबीए-एमबीएला मुलींसाठी 'नेतृत्व आणि वाटाघाटी' हा सक्तीचा पेपर हवा, कारण आपल्याकडच्या मुली मागायलाच कचरतात. खाली टाळ्यांचा पाऊस. सर, राग मानू नका, पण वाचून डोकं फिरलं.

मीही एमबीए. सासऱ्यांच्या मागं कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, मी बघते. गेल्या वर्षी चाकणला एका कंपनीत रेट वाढवून मागायला गेले होते. पिग आयर्न, म्हणजे आमचं कच्चं लोखंड, चढलेलं, वीजबिल चढलेलं. मेल्टिंग लॉस, रिजेक्शन, वाहतूक, सगळं कागदावर मांडून किलोला तीन रुपये मागितले. खरेदीवाला साहेब बोलायचा कुणाशी? माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या सुपरवायझरशी. कागद माझा, आकडे माझे, प्रश्न मात्र त्याला. तो बिचारा दर वेळी माझ्याकडं बघायचा. शेवटी साहेब म्हणाले, "मॅडम, रेटचं बोलायला साहेबांनाच घेऊन या." आमचे साहेब म्हणजे माझा नवरा. दातांचा डॉक्टर आहे. त्याला कोअर म्हणजे काय तेही ठाऊक नाही.

आता सांगा, पेपर कुणाला हवा? कपिलतीर्थ मंडईत पहाटेपासून भाजी घेऊन बसलेल्या बाईला वाटाघाट शिकवून दाखवा, मी फी भरते. शिकवायचंच असेल तर भागीदारी करारनामा शिकवा. बँकेच्या कॅश क्रेडिट (धंद्यासाठीच्या उचलीच्या) खात्यावर सही कुणाची चालते, एमएसएमईचं, म्हणजे लघुउद्योगाचं, पेमेंट ४५ दिवसांत आलं नाही तर काय करायचं, ते शिकवा. आत्मविश्वास वगैरे आमचा आम्ही बघतो.

वर्ग क्रमांक सात
ताई, अनुभव दांडगा आहे, पण एका खरेदीवाल्यावरून अभ्यासक्रम ठरत नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्यांचा अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक यांनी अभ्यास केला. पहिल्या पगाराची घासाघीस करणारे मुलगे ५७ टक्के, मुली फक्त ७ टक्के.

माझ्या वर्गातही तेच दिसतं. मुलाखतीचं नाटक करायला लावलं की मुलगे बेधडक आकडा सांगतात, अभ्यास शून्य असला तरी. मुली म्हणतात, "सर, कंपनीच्या नियमाप्रमाणं जे असेल ते." कपिलतीर्थातली बाई कचरत नाही, मान्य. पण तिचीच पोरगी माझ्या वर्गात बसलीय आणि ती कचरते. मी तिच्याबद्दल लिहिलं होतं.

बिडाची भट्टी
तुमची आकडेवारी २००३ च्या सुमाराची. त्यानंतर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नोकरदारांवरचा अभ्यास आला. तिथं बायका पुरुषांइतक्याच वेळा पगारवाढ मागतात असं दिसलं. मागितल्यावर मिळाली ती पुरुषांना २० टक्के वेळा, बायकांना १५. आणि २००७ मध्ये खुद्द तुमच्या बॅबकॉकबाईंनीच दुसऱ्या दोघींबरोबर दाखवून दिलं की पगारासाठी घासाघीस करणारी बाई समोरच्याच्या मनातून पुरुषापेक्षा जास्त उतरते. म्हणजे तुमच्या पोरी कचरतात त्या भित्र्या म्हणून नाही. मागितलं तर आगाऊ ठरू, हा हिशोब त्यांनी आधीच मांडलेला असतो.

तांबडा पांढरा
दोघं बी हुशार हाय, पण वाटाघाट करायला समोर कंपनी तर पायजे की! कोल्हापुरात आयटी पार्क आणा म्हणून किती वर्षं बोंबलायलोय. पोरं-पोरी बॅगा भरून पुण्याला चालल्यात. आधी आयटी पार्क, मग पेपर.

वर्ग क्रमांक सात
भावा, प्रत्येक धाग्यावर आयटी पार्क आणलंच पाहिजे का? परवा पंचगंगेच्या पुरावर पण हेच लिहिलं होतंस.

सही-शिक्का
मी सीए. भट्टीताईंचा करारनाम्याचा मुद्दा कुणी उचललाच नाही, म्हणून लिहितो. सरकारी कंपन्यांच्या खरेदीतला ३ टक्के वाटा महिलांच्या लघुउद्योगांसाठी आहे. झालं, २०१८ पासून आमच्याकडं बायकोच्या नावावर फर्म काढायची रांग. २०१३ च्या कंपनी कायद्यानं लिस्टेड कंपन्यांना एक तरी महिला संचालक सक्तीची केली. आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडला ती सक्ती नाही, तरी घरच्या बायका संचालक असतातच, कारण दोन नावं लागतात. वहिनी ऑफिसला येतात, पेन्सिलीच्या फुल्या बघून सह्या करतात. चहासुद्धा पुरा होत नाही. मी एकीला म्हटलं, वाचून घ्या. तर दीर म्हणाले, "तिला काय कळतंय त्यातलं?" ती बी.कॉम., फर्स्ट क्लास. आणि बँकेचं कर्ज थकलं की जामीनदार म्हणून नोटीस येते ती तिलाच.

आणि खरं सांगू? बाईची सगळ्यांत मोठी वाटाघाट नोकरीतही नसते आणि धंद्यातही. ती माहेरच्या इस्टेटीच्या हक्कसोडपत्रावर सही करायच्या दिवशी असते.

गुजरीतली सून
दुखऱ्या जागी बोट ठेवलंत दादा. माहेरी होलसेलचं दुकान. कॉलेजात असताना उधारीची वही मीच सांभाळायची, कोण कधी देतो आणि कोण बुडवतो सगळं पाठ. वडील गेले, तेरावा झाला, आणि पंगत उठल्यावर थोरल्या भावानं कागद पुढं केला. "रजिस्ट्रार साहेबांची वेळ घेतलीय उद्याची. तुला काय कमी आहे सासरी?" आई काही बोलेना. साडी आधीच आणून ठेवलेली, डाळिंबी रंगाची. मी वाटाघाटीच्या विषयात वर्गात पहिली आलेली. सही केली. माहेरचं दार बंद होईल ही भीती कुठल्या पेपरात शिकवणार, सर?

ऊस आणि हिशोब
हे बरं हाय! सगळे भाऊ चोर? मी भाऊ हाय म्हणून बोलतो. वडिलांना अर्धांगवायू झाला तवा पाच वर्षं हगणं-मुतणं कुणी काढलं? सोसायटीचं कर्ज कुणी फेडलं? बहिणी दिवाळीला आल्या, फराळ खाल्ला, गेल्या. त्यांनी आपल्या राजीखुशीनं सोडलं. त्यांच्या लग्नाचा खर्च कुणी हिशोबात धरतं का? दीड एकरात तीन वाटण्या केल्यावर उसाला पाणी पाजायचं का दोरी धरून बसायचं?

सही-शिक्का
हिशोब धराच की, पूर्ण धरा. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाच्या बरोबरीची वाटेकरी. वडील २००५ ला हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. हिस्सा येतो तसं कर्जही वाटून येतं. सेवेचा मोबदला धरायचा तर बसून बोला, लिहून घ्या. तेराव्याला साडी ठेवून नव्हे.

ऊस आणि हिशोब
बोलायला काय जातंय तुमचं, फी सुटती तुमची.

गुजरीतली सून
आणि हगणं-मुतणं तुम्ही काढलंत का वहिनींनी, तेवढं एकदा सांगून टाका.

ऊस आणि हिशोब
...दोघांनी.

करवीर मावशी
अगं बायांनो, ज्या गावात ताराराणीनं राज्य केलं तिथं हे ऐकावं लागतंय! पंचविशीतली विधवा, सात वर्षं औरंगजेबाला दमवला. तिला कुणी पेपर ठेवला होता?

वर्ग क्रमांक सात
मावशी, ठेवला असता तर बरं झालं असतं. १७१४ ला तिला पन्हाळ्यावर कैदेत टाकलं ते घरच्याच माणसांनी.

करवीर मावशी
म्हणजे सही-शिक्कावाल्याचंच खरं झालं की! घरातलीच लढाई. मग म्हसवडच्या बायकांचं ऐका. माणदेशी महिला बँक काढायला निघाल्या, रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, का तर अर्जावर अंगठे. परत गेल्या त्या साक्षर होऊन. आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ ला बँक उभी राहिली.

वर्ग क्रमांक सात
हेच तर म्हणतोय मी! परत गेल्या त्या तयारी करून गेल्या. तयारी म्हणजेच प्रशिक्षण. शिकवायचंच नाही म्हणणाऱ्यांनी आता काय ते बोलावं.

बिडाची भट्टी
'शिकवायचंच नाही' असं मी कुठं म्हटलं? मुद्दल-व्याज शिकवा असंच तर म्हणतेय. त्या बायकांनी हिशोब दाखवला. सूट घालून, खांदे मागं घेऊन, डोळ्याला डोळा भिडवण्याचा सराव नव्हता तो. तुमच्या पेपरात कोणता भाग आहे ते तरी सांगा.

वर्ग क्रमांक सात
देहबोलीचं एक प्रकरण आहे. एकच. बरं बाबा, मुलग्यांनाही बसवू पेपरला, आणि खरेदी विभागात जाणाऱ्यांची वेगळी तोंडी घेऊ. हक्कसोडपत्रही घालतो केस म्हणून. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढं 'साडी-चोळी आणि सहदायाद' ठेवतो, मग बघू मला कुठं पाठवतात ते.

बिडाची भट्टी
उपरोध कळला. पण ती केस खरंच घाला. आणि मुलाला बहिणीच्या बाजूनं बोलायला लावा, मुलीला भावाच्या. 'ऊस आणि हिशोब' यांची बाजूही पोकळ नाही, पाणी पाळीचा आणि दवाखान्याचा मुद्दा खरा आहे. फक्त तो कागद पुढं करायच्या आधी मांडावा लागतो.

तांबडा पांढरा
आयटी पार्कात वहिनींना बी नोकऱ्या लागल्या असत्या.

ऊस आणि हिशोब
सीएसाहेब, एक विचारायचं होतं. हक्कसोडपत्र नोंदवून झाल्यावर बहीण परत दावा करू शकते का?

गुजरीतली सून
का हो? दावा केलाय का कुणी?

ऊस आणि हिशोब
केलेला नाही. नुसतं माहिती असावी म्हणून.

सही-शिक्का
त्याला वकील लागेल, माझं काम नव्हे. ओळखीचा एक सांगतो, बहिणींनाही घेऊन जा बरोबर.