तुकड्यांत नव्या जाती घडतात, तर जंगलाचे तुकडे पडणे वाईट का?

प्रश्न (सावंतवाडी)

नमस्कार. डोंगररांगा, खिंडी, नद्या यांमुळे एकाच पूर्वजाची संतती वेगवेगळ्या ठिकाणी अडकून पडली की त्यातून निरनिराळ्या जाती तयार होतात, असे वाचले. आंबोलीचा टोड (खरखरीत कातडीचा बेडूक) शास्त्राने २००९ साली नोंदवला आणि त्याचा जवळचा भाऊबंद कोयनेच्या परिसरात आहे, हे त्याचेच उदाहरण असावे. मग आमच्याकडे काजू आणि रबराच्या लागवडीमुळे जंगलाची जी बेटे उरली आहेत, त्यांतूनही पुढे नव्या जाती निर्माण होणार नाहीत का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

वेगळे पडणे ही केवळ सुरुवात असते. झुडपांवर राहणाऱ्या काही बेडकांच्या अंड्यांतून बेडूकमासे न निघता थेट इवले बेडूक बाहेर पडतात. त्यांना ओढ्याची गरज नसते, पण अंगाची ओल टिकवणारी दाट सावली मात्र लागते, म्हणून ते उघडी, कोरडी खिंड ओलांडत नाहीत. शिखराशिखरांवर अडकलेल्या अशा गटांत लाखो वर्षे बारीक बदल साठत गेले, नरांची साद बदलली, मादी परक्या सादेला प्रतिसाद देईनाशी झाली, आणि मगच जाती वेगळ्या झाल्या. त्या काळात प्रत्येक शिखरावर पुरेशी संख्या टिकून होती, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चार-दोन एकरांत उरलेल्या थोड्या जिवांत आप्तसंकर, म्हणजे जवळच्या नात्यातली वीण, वाढतो, आनुवंशिक विविधता झपाट्याने घटते आणि एखादा कोरडा उन्हाळाही त्यांना संपवायला पुरतो. नवी जात घडण्यापूर्वीच जुनी संपते.

उत्तर २ (सड्याजवळ राहणारा)

आंबोलीच्या टोडविषयी एक भर घालतो. पहिल्या जोरदार पावसात सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, खळग्यांत त्याची वीण होते. ओंजळभर पाण्यातले काळे बेडूकमासे ते पाणी आटण्याआधी वाढण्याची घाई करत असतात. हाच सडा सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) म्हणून लागतो आणि चिरेखाणीसाठी, म्हणजे बांधकामाचे चिरे काढण्यासाठी, सहज दिला जातो. ज्या जातीचे सारे जग एवढेसे आहे, तिच्यासाठी एक सडा खणणे म्हणजे संपूर्ण जात पुसण्यासारखे आहे, आणि ती दुसरीकडून पुन्हा येणार नाही. झाडे नसलेली जमीन ओसाड समजण्याची आपली सवय मला फार घातक वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आमची देवराई आणि वरचे रान यांच्यामध्ये आमचीच काजूची बाग आहे आणि तिच्यातून व्हाळ (ओढा) जातो. व्हाळाच्या दोन्ही काठांची बेणणी (झाडोरा साफ करणे) यंदापासून थांबवून तिथे ऐन, किंजळ ही रानझाडे वाढू दिली तर दोन्ही रानांची सावली पुन्हा जुळेल का?

उत्तर १

जुळू शकेल. पट्टा शक्य तितका रुंद ठेवा, पाचोळा जाळू नका आणि तिथे तणनाशक मारू नका.